एक पायजमा, २३४ अर्ज!

विद्यापीठाच्या प्रवेशासाठी एसओपी लिहायला बसलं की ‘पॅशनेट’, ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेयर’ हे शब्द आपोआप टाइप होतात. पण वाचणाऱ्याला विशेषणं नकोत, पुरावा हवाय. तो कुठे शोधायचा आणि कसा मांडायचा?

२००७ सालची गोष्ट. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचे अर्ज ‘यूकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. अर्जासोबत विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल एक निवेदन लिहायचं असतं. त्या वर्षी अशी सुमारे ५० हजार निवेदनं कॉम्प्युटरच्या मदतीनं एकमेकांशी ताडून पाहिली गेली. त्यातून जे बाहेर आलं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. तब्बल २३४ जणांनी लिहिलं होतं की आठव्या वर्षी त्यांच्या हातून पायजम्याला जळून भोक पडलं. तेव्हा ते केमिस्ट्री सेटशी खेळत होते म्हणे, आणि तिथूनच विज्ञानाची गोडी लागली! १७५ जणांच्या निवेदनात एक म्हातारे किंवा आजारी आजोबा होते. आणि मानवी शरीर कसं चालतं याचं आकर्षण असल्याचं सांगणारं साधारण एकाच धाटणीचं वाक्य ३७० वेळा सापडलं.

पायजम्याची ती गोष्ट इंटरनेटवरच्या एका नमुना निवेदनातून उचललेली होती. पुढच्याच प्रवेशफेरीपासून यूकॅसनं प्रत्येक निवेदन कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घालायला सुरुवात केली. ती पद्धत आजही आहे.

आता यातली गंमत बघा. ज्यानं कुणी मूळ नमुना लिहिला, त्याला एक गोष्ट नक्की कळली होती. ‘मला विज्ञान आवडतं’ असं नुसतं म्हटलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. पायजमा, भोक, आठवा वाढदिवस असं काहीतरी डोळ्यांसमोर उभं राहिलं की लक्षात राहतं. बाकीच्या पोरांनाही ते कळलं असणार. फक्त त्यांनी पायजमा दुसऱ्याचा वापरला.

म्हणजे ठोस लिहायचं आणि ते स्वतःचं असायला हवं. अख्ख्या एसओपीचं सार एवढंच आहे. वाचायला सोपं, करायला अवघड.

‘प्रचंड’ म्हणजे किती?

मी मास कम्युनिकेशनची पदवी घेऊन सध्या पेपरच्या ऑफिसात इंटर्नशिप करतेय. डेस्कवर रोज कानावर पडणारा एक प्रश्न आहे. कुणीतरी बातमी देतं, त्यात लिहिलेलं असतं ‘सभेला प्रचंड गर्दी होती’. उपसंपादक मान वर न करता विचारतात, ‘प्रचंड म्हणजे किती? मैदान भरलं होतं का? रस्ता बंद करावा लागला का?’ मग ‘प्रचंड’ जातं आणि त्या जागी ‘दोन तास वाहतूक वळवावी लागली’ असं वाक्य येतं. गर्दी किती होती ते वाचकाला कळतं, आणि ‘प्रचंड’ हा शब्द न वापरता कळतं.

एसओपी वाचणाऱ्या प्रवेश समितीचंही नेमकं हेच होतं. त्यांच्यासमोर अर्जांचा ढीग असतो. प्रत्येकजण मेहनती, प्रत्येकजण जिज्ञासू, प्रत्येकाला समाजासाठी काहीतरी करायचंय. हे सगळं खोटं असतं असं नाही. पण ते कुणाबद्दलही खरं असू शकतं, आणि जे वाक्य कुणालाही लागू पडतं ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

जागा तर आधीच कमी. ब्रिटनच्या निवेदनाला स्पेस धरून ४००० अक्षरांची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’च्या मुख्य निबंधाला ६५० शब्द. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देतं, त्यातले चार निवडायचे आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. एवढ्याशा जागेत ‘मी अत्यंत चिकाटीची व कष्टाळू विद्यार्थिनी आहे’ हे वाक्य टाकणं म्हणजे एसटीत खिडकीची सीट रिकाम्या पिशवीनं अडवून ठेवण्यासारखं आहे.

ब्रिटननं तर आता प्रश्नच बदलला. २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत. हा विषय का शिकायचाय? आतापर्यंतच्या शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली? आणि शिक्षणाबाहेर काय केलं, त्याचा इथे काय उपयोग? प्रत्येकाचं उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं, एकूण मर्यादा तीच. नीट पाहिलं तर ‘तुम्ही कसे आहात’ हा प्रश्न यात कुठेच नाही. ‘तुम्ही काय केलं’ हा आहे.

आठ हजारांचं ‘लहानपणापासून’

हा विषय मला सुचला तो माझ्या रूममेटमुळे. ती सांगोल्याची. नुकतंच बीएस्सी अ‍ॅग्री झालंय आणि वनस्पतींच्या रोगांवर एमएस्सी करायला तिला युरोपात जायचंय. घरी डाळिंबाची बाग आहे, त्यावर कर्जही आहे. त्यामुळे स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं शक्य आहे, आणि स्कॉलरशिपचा निर्णय बऱ्याच अंशी मोटिव्हेशन लेटरवर अवलंबून. एकच पान, त्यात सगळं.

तिनं आधी एका सल्लागाराकडे चौकशी केली. आठ हजारांत ‘एसओपी पॅकेज’ होतं. नमुना म्हणून एक पत्र मिळालं. पहिलं वाक्य असं की लहानपणापासूनच मला निसर्गाची ओढ आहे. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एका सीनियरनं तिचं गेल्या वर्षीचं पत्र मोबाइलवर दाखवलं. पहिला परिच्छेद शब्दन् शब्द तोच. सीनियर गेली होती फूड टेक्नॉलॉजीला. निसर्गाची ओढ तिलाही लहानपणापासूनच!

आठ हजार वाचले. पण प्रश्न तिथेच राहिला, स्वतः लिहायचं तर लिहायचं काय? ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही गं,’ ती म्हणाली. ‘ना इंटरनॅशनल ऑलिंपियाड, ना एनजीओ. सुट्टीत मी घरी जाते आणि बागेत काम करते. ते काय लिहायचं?’

हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं. शहरातल्या मुलांकडे निदान ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ असतात. गावाकडून आलेल्या, घरचं बघत शिकलेल्या मुलांनी जे केलेलं असतं, त्याला आपल्याकडे अ‍ॅक्टिव्हिटी म्हणत नाहीत. त्याला काम म्हणतात. आणि कामाचं सर्टिफिकेट मिळत नाही.

वही सापडते

आम्ही एक रविवार बसलो. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी शिकवतात तेच प्रश्न मी विचारत गेले. काय, कधी, कुठे, कुणी, का, कसं. ‘बागेत काम’ म्हणजे काय? कुठल्या वर्षी? किती झाडं? तू नक्की काय करायचीस?

तासाभरानं जे बाहेर आलं ते असं. २०२० च्या पावसाळ्यात लॉकडाऊनमुळे कॉलेज बंद. ती घरी. बागेत मृग बहार धरलेला आणि तेल्यानं डोकं वर काढलं. डाळिंबवाल्यांना तेल्या सांगायला नको. जिवाणूमुळे पानांवर, फळांवर तेलकट काळपट डाग पडतात, फळं तडकतात आणि पावसात रोग भराभर पसरतो. वडील फवारणी करत होते, पण कुठल्या झाडावर आधी आला, कुठे वाढला, याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. या मुलीनं चार ओळींतली दहा-दहा अशी ४० झाडं निवडली. त्यांना ऑइलपेंटनं नंबर घातले आणि दर रविवारी डाग पडलेली झाडं मोजायला लागली. सोबत पाऊस कधी झाला, बोर्डो मिश्रण कधी मारलं, हेही. सगळं बारावीच्या केमिस्ट्रीच्या अर्ध्या कोऱ्या वहीत.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ४० पैकी ३ झाडं. सप्टेंबरच्या शेवटी १७. त्यातली १२ खालच्या दोन ओळींत, जिथे पाणी साचायचं आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची सोडून दिलेली बाग होती. वडिलांनी त्या ओळींमधली रोगट फळं आणि फांद्या काढून जाळल्या. पुढच्या वर्षी मृग बहार न धरता हस्त बहार धरला. डाग कमी झाले.

मी विचारलं, ‘म्हणजे बहार बदलल्यामुळे कमी झाले?’

ती थांबली. म्हणाली, ‘तेच तर कळलं नाही ना. बहार बदलला, खालच्या ओळी साफ केल्या आणि त्या वर्षी आमच्याकडे पाऊसही कमी होता. तिन्ही एकदम झालं. नक्की कशामुळे, हे माझ्या वहीवरून सांगता येत नाही. ते काढायचं कसं, हेच मला शिकायचंय.’

तिच्या मोटिव्हेशन लेटरचा शेवटचा परिच्छेद तिनं तिथे बोलून दाखवला होता, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

‘निसर्गाची ओढ’ या दोन शब्दांपेक्षा या वहीत किती जास्त आहे पाहा. चिकाटी आहे, कारण दर रविवारी मोजणी झाली. पद्धत आहे, कारण झाडं ठरवून घेतली, जवळ दिसली ती मोजली नाहीत. प्रामाणिकपणा आहे, कारण जे सिद्ध होत नाही ते ‘होत नाही’ असं ती सांगते. आणि विषय का शिकायचाय याचं उत्तर तर आयतंच आहे. यातला एकही गुण तिला नाव घेऊन सांगावा लागला नाही. आपल्याकडे म्हणतातच, हातच्या काकणाला आरसा कशाला!

आपली पाठ आपणच…

अनेकांना एसओपी लिहिताना अडखळायला होतं, त्याचं कारण इंग्रजी असतंच असं नाही. स्वतःबद्दल चांगलं बोलायचं कसं, हा खरा अडसर असतो. आपली पाठ आपणच थोपटू नये, हे घरात शिकवलेलं. मग एक तर माणूस संकोचानं काहीच लिहीत नाही, नाही तर फॉर्म आहे म्हणून एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतःची आरती ओवाळतो.

पुरावा या दोन्हींतून सोडवतो. ‘मी उत्तम संशोधक होऊ शकते’ ही बढाई वाटते. ‘मी आठ आठवडे ४० झाडं मोजली’ ही माहिती आहे. माहिती सांगायला कशाची लाज?

याचं एक जुनं आणि अस्सल मराठी उदाहरण आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी लिहिलेलं पत्र आजही फिलाडेल्फियात, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेलं आहे. डॉक्टरकीला जिद्द लागते, आणि ती आपल्याकडे आहे हे त्यांना पटवून द्यायचं होतं. त्यांनी काय केलं? आप्तमित्रांचा आणि जातीचा विरोध असताना आपण समुद्र ओलांडून इथवर आलो आहोत, याकडे बोट दाखवलं. ज्या जिद्दीनं इथे आणलं तीच पुढेही उपयोगी पडेल, असा त्यांचा युक्तिवाद. डॉक्टरच का व्हायचं, याचं कारणही त्यांनी तसंच नेमकं दिलं. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात.

एक केलेली गोष्ट, एक पाहिलेली गरज. प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण चांगल्या एसओपीची रचना अजून तीच आहे.

सर्टिफिकेट म्हणजे पुरावा नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुरावा म्हटलं की आपण फाइल काढतो. लॉकडाऊनमध्ये वेबिनारला नुसतं लॉगिन करून मिळालेली ई-सर्टिफिकेट्स तर प्रत्येकाकडे गठ्ठ्यानं आहेत. ‘१५ राष्ट्रीय वेबिनारमध्ये सहभाग’ यात आकडा आहे, पण पुरावा कशाचा? इंटरनेट चालू होतं याचा!

आकडा असला म्हणजे वाक्य ठोस झालं असं नाही, आणि ठोस वाक्याला आकडा लागतोच असंही नाही. काही नमुने बघू. ही वाक्यं उचलायची नाहीत बरं का, पायजम्याचं काय झालं ते आठवा.

‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ असं म्हणणारा मुलगा गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार असतो. त्यानं काय केलं? जमाखर्च पहिल्यांदा फळ्यावर लावला. त्यावरून भांडण झालं. डीजेचा खर्च सगळ्यांना दिसला आणि पुढच्या वर्षी ढोल-ताशा आला. अर्थशास्त्र किंवा पब्लिक पॉलिसीला अर्ज करणाऱ्यासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. माहिती उघड केली की निर्णय बदलतो, हे त्यानं स्वतः पाहिलंय.

‘मला वाचनाची आवड आहे’ म्हणणाऱ्या मुलीनं पुस्तकांची यादी दिली तर ती कुणालाही देता येते. त्यापेक्षा एकच पुस्तक घ्यावं, आणि ते वाचल्यावर आपलं कुठलं मत बदललं किंवा आपण कुठे अडलो ते सांगावं. इथे आकडा एकही नाही, तरी ती वाचते याची खात्री पटते.

‘मी प्रतिकूल परिस्थितीतून आलो आहे’ हे वाक्य तर जपून वापरावं. परिस्थिती खरी असते, दुःखही खरं असतं. पण समिती परिस्थितीला प्रवेश देत नाही, त्या परिस्थितीत तुम्ही काय केलं त्याला देते. संध्याकाळी मेडिकल स्टोअरमध्ये काम करून शिकलेला मुलगा ‘मी खूप कष्ट केले’ असं लिहितो तेव्हा सहानुभूती मिळते. ‘काउंटरवर रोज कुणी ना कुणी अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागायचं, पूर्ण कोर्स का घेत नाही हे मी विचारायला लागलो’ असं लिहितो, तेव्हा पब्लिक हेल्थला अर्ज करणारा एक विद्यार्थी दिसतो.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रसंग सांगून ते थांबत नाहीत. ‘मग काय?’ या प्रश्नाचं उत्तरही देतात. नुसता प्रसंग म्हणजे किस्सा. प्रसंगातून काय कळलं आणि त्याचा या कोर्सशी काय संबंध, हे एका वाक्यात आलं की त्याचा पुरावा होतो.

चॅटबॉटला तुमची वही माहीत नाही

हे सगळं वाचून कुणीतरी म्हणेल, एवढा त्रास कशाला, एआयला सांगितलं की दोन मिनिटांत लिहून देतं. देतं ना! व्याकरण चोख, वाक्यं गुळगुळीत. पण एआयला तुमच्या बागेतल्या खालच्या दोन ओळी माहीत नाहीत. तुम्ही सांगितलं नाही तर ते एक तर विशेषणांनी जागा भरतं, नाही तर स्वतःच एखादा प्रसंग रचतं. पहिल्यात वेळ वाया जातो. दुसऱ्यात तुम्ही अडकता. इंटरव्ह्यूमध्ये ‘तुमच्या त्या प्रोजेक्टबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय सांगणार?

यूकॅसनं याबाबत स्पष्ट सांगितलंय. निवेदन पूर्णपणे किंवा त्याचा मोठा भाग एआयकडून लिहून घेऊन स्वतःचं म्हणून पाठवलं, तर ती फसवणूक धरली जाऊ शकते. भाषा तपासायला, लांबलेलं वाक्य छाटायला मदत घेणं वेगळं. मजकूर तुमचाच हवा.

हाच नियम फुगवण्यालाही. ४० झाडांची ४०० करायचा मोह होतो. पण रेकमेंडेशन देणाऱ्या सरांच्या पत्रात ४० असेल तर? शिवाय ४० झाडं हा लहान आकडा आहे हे वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. १७ वर्षांच्या मुलीनं कुणी न सांगता ती मोजली, यात त्याला रस आहे. लहान आणि खरा आकडा मोठ्या आणि गोल आकड्यापेक्षा कधीही जास्त बोलतो.

‘त्या वहीचंबी लिहिलंस व्हय?’

रूममेटचं पत्र पाचव्या ड्राफ्टला पूर्ण झालं. पहिल्या ड्राफ्टमधलं एकच वाक्य शेवटपर्यंत टिकलं, ते म्हणजे तिचं नाव. पाठवायच्या आदल्या रात्री तिनं फोन स्पीकरवर ठेवून ते वडिलांना मराठीत वाचून दाखवलं. अण्णा सगळं गप्प ऐकत होते. ओळींचे नंबर आले, बांधापलीकडची बाग आली. मग ते म्हणाले, ‘त्या वहीचंबी लिहिलंस व्हय?’ आणि जरा थांबून, ‘वही हाय अजून. माळ्यावर ठेवलीया. पाठवू का?’

वही पाठवायची गरज नव्हती. पण त्या घरात पाच वर्षं कुणी ती रद्दीत घातली नव्हती, हे आम्हाला त्या रात्री कळलं. घरचं काम, पोरीचा उद्योग असं म्हणून ज्याच्याकडे पाहिलं गेलं असं तिला वाटत होतं, त्याची किंमत घरात कुणीतरी ओळखून होतं. ती फक्त कागदावर यायची राहिली होती.

निकाल अजून यायचाय. स्कॉलरशिपच्या जागा थोड्या आहेत आणि अर्ज जगभरातून आलेत, त्यामुळे चांगलं पत्र म्हणजे हमखास प्रवेश असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मार्क, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, नशीब, सगळंच लागतं. पण जे पत्र गेलंय ते वाचून समितीला सांगोल्याची एक मुलगी दिसेल. तीच, दुसरी कुणी नाही. नाकारली गेलीच, तर निदान तीच नाकारली जाईल, सल्लागाराचं पॅकेज नाही.

लिहायला बसण्याआधी

तीन रकाने आखा. पहिल्यात तुमचा दावा लिहा, उदाहरणार्थ ‘चिकाटी’. दुसऱ्यात तो सिद्ध करणारी केलेली गोष्ट. तिसऱ्यात त्याचा या कोर्सशी संबंध. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो दावा अर्जातून काढून टाका.

पुरावा घरात शोधा. फोनची गॅलरी, जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जर्नल, हिशेबाची वही, मेलबॉक्स. आई-बाबांना आणि मित्रांना विचारा, ‘मी कशाच्या मागे लागले होते तुम्हाला आठवतंय?’ आपल्याला जे किरकोळ वाटतं ते दुसऱ्याच्या लक्षात असतं.

नावाची चाचणी घ्या. प्रत्येक वाक्य वाचून विचारा, इथे माझ्या मित्राचं नाव टाकलं तरी चालेल का? चालत असेल तर वाक्य बदला.

दोन-तीन गोष्टीच निवडा. दहा उल्लेखांपेक्षा दोन नीट सांगितलेले प्रसंग बरे. बाकीचं सगळं सीव्हीत जातंच.

काय जमलं नाही तेही येऊ द्या. अडलेला प्रश्न हे पुढे शिकण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण असतं.

कोर्सबद्दलही ठोस राहा. ‘तुमच्या नामांकित विद्यापीठात’ हे लिहू नका, ते नामांकित आहे हे त्यांना ठाऊक आहे. अभ्यासक्रमातला कुठला पेपर, कुठली प्रयोगशाळा तुमच्या प्रश्नाला उपयोगी आहे, ते सांगा. फक्त यूकॅसच्या पदवी अर्जात सावध राहा. तिथे एकच निवेदन निवडलेल्या पाचही पर्यायांना जातं, त्यामुळे एका विद्यापीठाचं नाव घेतलंत तर बाकीचे चारही ते वाचतील.

मोठ्यानं वाचा, मराठीत सांगा. इंग्रजीत लिहिलेलं घरच्या कुणाला तरी आपल्या भाषेत सांगून बघा. सांगताना जिथे तुम्ही अडखळाल, तिथे बहुतेक पोकळ शब्द असेल. आणि जिथे ते मध्येच म्हणतील ‘हे तर खरंच तू केलं होतंस’, ते वाक्य काही झालं तरी कापू नका.